जेवायला नाही, खायला

आई,

आप्पा जेवत नाहीत. हे तुला कळवावं असं गेले काही महिने वाटतंय आणि तुला कळवून काही होणार नाही हेही मला समजतं. तू जाऊन आठ वर्षं झाली. पण या बाबतीत तक्रार करावी असं दुसरं कुणी नाही, शिवाय तक्रार तुझ्याबद्दलचीच आहे, म्हणून ती तुझ्याच नावानं लिहिते. वस्तुस्थिती आधी सांगते, राग मागून.

तू गेल्यावर पहिली काही वर्षं ते स्वतः करून खात होते. भात, आमटी, कधी पिठलं. मग गुडघा धरला आणि ओट्यापाशी उभं राहवेना, तेव्हा मी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका बाईंचा डबा लावला. डबा चांगला आहे, मी स्वतः खाऊन पाहिलाय. आप्पा त्यातली अर्धी भाकरी खातात, भाजी बोटानं इकडची तिकडं करतात आणि उरलेलं गल्लीतल्या कुत्र्याला घालतात. कुत्रं जाड झालंय. आप्पांच्या शर्टाच्या कॉलरमध्ये आता त्यांच्या मानेबरोबर माझा हात सहज मावेल. सगळ्या तपासण्या करून झाल्या. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पोटात काही जात नाही एवढंच. पण असंच चाललं तर पुढं आजाराची गरज पडणार नाही. हे त्यांनी आप्पांच्या समोर सांगितलं. आप्पांनी फौजेतल्यासारखी मान हलवली आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, 'तू चहा घेतलास का?'

मी एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी पुण्याहून कराडला येते. स्वयंपाक मला येत नाही. नेमकं सांगायचं तर तीन पदार्थ येतात आणि त्यातला एकही त्यांना आवडत नाही. म्हणून मी त्यांना बाहेर घेऊन जाते. कराडात नेलं, हायवेवर नेलं, एकदा साताऱ्याला, एकदा औंधला, 'यमाईच्या दर्शनाला जाऊ आणि येताना कुठंतरी जेवू' असं म्हणून. प्रत्येक ठिकाणी ते ताठ बसतात, दोन घास खातात, ताट जरासं पुढं सरकवतात आणि म्हणतात, 'चांगलं हाय. पर ह्ये घरी होतंय.'

हे वाक्य तुझं आहे. त्यांना ते कुठून मिळालं हे मला शोधावं लागत नाही.

ते मी पहिल्यांदा कधी ऐकलं ते आठवत नाही, पण सगळ्यात जास्त लागलं ते अख्ख्या मसुराच्या दिवशी. मला कराडच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. कडेगावकडचं गाव सोडून आपण इथं दोन खोल्यांत राहायला आलो ते माझ्या शिक्षणासाठीच, त्यामुळं तो दिवस तिघांचाही होता. आप्पा म्हणाले, माग काय पायजे ते. मी म्हटलं, हायवेवरचा अख्खा मसूर. माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी तो खाल्ला होता, मी फक्त ऐकला होता. आप्पांच्या स्कूटरवर तिघं गेलो, तू मागं, मांडीवर पिशवी. पिशवीत काय आहे ते मी विचारलं नाही. ढाब्यावर बसलो, मसूर आला, वर लोणी, बाजूला कांदा, आणि तू पिशवीतून डबा काढलास. डब्यात चपात्या. वेटर धावत आला. कपाळाला टिळा लावलेला, चांगला बाप्या माणूस.

'मावशी, बाहेरचं खाणं हितं चालत न्हाई.'

'बाहेरचं कुठलं? ह्ये घरचं हाय,' तू म्हणालीस. 'बाहेरचं ते तुमचं.'

पलीकडच्या टेबलावरचे ट्रक ड्रायव्हर एवढे हसले की वेटरही हसला आणि गेला. आप्पा हसले. मी टेबलाकडं बघत बसले. आज तो विनोद मी ऑफिसात सांगते आणि लोक हसतात. तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मला ढाब्यावरची रोटी हवी होती. तू चपातीचा तुकडा मसुरात बुडवलास, तोंडात घातलास, डोळे बारीक केलेस. आम्ही दोघं थांबलो. तुझ्या पहिल्या घासानंतर आम्ही नेहमीच थांबायचो, निकाल लागल्यासारखे.

'कांदा करपलाय. खोबरं भाजलंच न्हाई, नुसतं वाटून टाकलंय.' मग माझ्याकडं बघून, 'मसूर खायाला हायवेला यायचं व्हय गं? ह्ये घरी होतंय की.'

आणि दुसऱ्या दिवशी तू तो केलास. माझा खरा त्रागा इथं आहे. तो जास्त चांगला झाला. मसूर रात्री भिजवलेला, कांदा पाट्याशेजारी बसून बारीक चिरलेला, खोबरं काळपट होईस्तोवर भाजलेलं, तुझी कांदा-लसूण चटणी, शेवटी वरून तुपात तडतडलेला लसूण. घर भरून वास. मी तीन वेळा वाढून घेतलं आणि प्रत्येक वेळी मला वाटत होतं की मी हरतेय. तू आमच्यानंतर जेवलीस. पातेलं मांडीजवळ घेऊन, तळाशी राहिलेलं चपातीनं पुसून. चव कशी झालीय असं आम्हाला विचारलं नाहीस. तुला ते माहीत होतं.

माझ्या तपासणीच्या कामात यंत्राचा एखादा भाग मापात बसला नाही तर तो कुणी केला, कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीत, हे आधी लिहावं लागतं. 'भाग बिघडला' एवढंच लिहिलेला अहवाल मी परत पाठवते. भाग आपोआप बिघडत नाही. तुझं वाक्य मी तपासलं ते असंच, फार उशिरा. घरी होतंय. कोण करतंय ते त्यात नाही. 'मी करते' असं तू कधी म्हणाली नाहीस. मसूर रात्री स्वतः उठून पाण्यात जाऊन बसायचा, कांदा आपला आपण चिरला जायचा आणि आपल्याला फक्त ताटं घ्यायची असायची. ते वाक्य ऐकून ऐकून घरात सगळ्यांनाच तसं वाटायला लागलं. मलाही. त्यामुळंच मी कधी शिकले नाही. जे आपोआप होतं ते कुणी शिकत नाही.

मग सांगली. ती तुला आठवत असेल तर वेगळ्या कारणासाठी आठवत असेल. मला पुण्यात नोकरी लागून वर्ष होत आलं होतं. तुझे डोळे दाखवायला आपण सांगलीला गेलो होतो आणि डॉक्टरांनी थेंब घातल्यामुळं तुला जवळचं काही दिसत नव्हतं. दवाखान्यातून निघाल्यावर मी तुम्हाला एका एसी हॉटेलात घेऊन गेले. मी आधीपासून ठरवलं होतं. कुठलं हॉटेल, कुठलं टेबल, काय मागवायचं, सगळं. मला तुझ्याकडून एकच वाक्य हवं होतं: चांगलं होतं. त्याच्या पुढं मागं काही नको होतं. एखादी गोष्ट मी केलेली, मी निवडलेली, माझ्या कमाईची, आणि ती चांगली होती एवढं तू म्हणावंस, ही अपेक्षा फार नव्हती असं मला अजूनही वाटतं.

मेनूकार्ड तुला दिसत नव्हतं म्हणून मी वाचून दाखवलं. तू म्हणालीस, 'तुला कळंल ते सांग.' मी आधी थोडं थोडं मागवलं. तंदुरीतलं पनीर, कुरकुरीत कॉर्न, मशरूम, एक चिकनची बशी. बश्या आल्या. आप्पांनी एक तुकडा घेतला. तू हात मांडीवर ठेवून बसून राहिलीस.

'खा की आई.'

'जेवण येऊ दे.'

'आधी हे खायचं असतं. मग जेवण.'

'ह्ये खाणं झालं. मी जेवाय आलेय. जेवाय आणलंयस का खायाला, ते सांग आधी.'

मी म्हटलं, दोन्ही. तू म्हणालीस, दोन्ही कसं असंल? आणि खरोखरच रोट्या येईपर्यंत तू एका बशीला हात लावला नाहीस. मला वाटलं हट्ट आहे. वेटरनं दोनदा येऊन विचारलं, 'मॅडमना आवडलं न्हाई का?' आप्पांनी तेवढ्यात हात आखडला होता, कारण तू खात नव्हतीस. बश्या गार झाल्या. रोट्या आल्या तेव्हा मला भूक नव्हती, तुला फार लागली होती आणि तुम्ही दोघं गपागप जेवलात. परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलीस, डोळ्यांवर पदर धरून, उजेड सहन होत नव्हता म्हणून. मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. 'कसं होतं जेवण?'

'तुझं मन राखाय आले, झालं.'

त्यानंतरच्या वर्षी तू गेलीस. मी तुला पुन्हा कुठं नेलं नाही. तू आजारी पडलीस, मग दवाखाना, मग ते राहूनच गेलं. असं माणसं म्हणतात, राहून गेलं. माझ्या बाबतीत ते खरं नाही. मी ठरवून नेलं नाही.

गेल्या वर्षी कंपनीनं मला स्पेनला पाठवलं. उत्तरेकडच्या एका लहान गावात आमच्यासाठी यंत्र तयार होत होतं, ते ताब्यात घेण्याआधी तपासायचं होतं. तिथल्या कारखान्यात माझ्याच कामाची एक बाई होती, वयानं तू असतीस तर तुझ्याएवढी. केस आखूड, बोलणं तुटक, माप घेताना श्वास रोखून धरणारी. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. काम संपलं की ती मला गावातल्या एका गल्लीत न्यायची. गल्लीत दोन्ही बाजूंना लहान लहान दुकानं, पुढं उंच कट्टा, लोक उभे. एका दुकानात एकच बशी घ्यायची, बशीही तळहाताएवढी, ती दोघींनी संपवायची, चार शब्द बोलायचे आणि पुढच्या दुकानात. त्याला ते लोक तापास म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ झाकण. पूर्वी पेल्यात माशा पडू नयेत म्हणून वर पावाची चकती ठेवायचे म्हणे, त्यावरून. तुला हे झाकणाचं पटलं असतं. बाकी काहीच पटलं नसतं.

'इथं फक्त मिरच्या,' ती सांगायची. 'दुसरं काही मागू नकोस, यांना जमत नाही.' पुढच्या दारात मासळी, त्याच्या पुढच्या दारात बटाटा आणि अंड्याची जाड पोळी, आत ओलसर, पिवळी धमक. प्रत्येकाचा हात एकाच गोष्टीवर बसलेला. मी मोकळी होत नाही लवकर, तुला माहीत आहे. पण त्या कट्ट्याशी उभं राहून मी जेवढं बोलले तेवढं ऑफिसात वर्षभरात बोलले नसेन. हातात बशी असली आणि ती संपल्यावर निघायचं असलं की माणसाला बोलणं सोपं जातं. पुरून उरेल असं काही समोर नसतं.

मिरच्या म्हणजे काय, तर तेलात तळलेल्या अख्ख्या हिरव्या मिरच्या आणि वर जाड मीठ. आपल्याकडं वडापावाबरोबर कागदात टाकून देतात तशा. एक तोंडात घातली आणि मला तू स्पष्ट ऐकू आलीस. तुझ्याच आवाजात, डोळे बारीक करून. मी थांबले तेव्हा तिनं विचारलं, तिखट निघाली का? मी म्हटलं, नाही, माझी आई असती तर म्हणाली असती, हे घरी होतं.

'होतं ना,' ती म्हणाली. 'माझ्या घरी मीच करते. म्हणून तर इथं येते.'

आणि तिनं पुढची मिरची उचलली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र खोलीवर परत जाताना चिडलेली होते आणि कशावर ते मला गल्ली संपेपर्यंत कळलं नाही. तुझ्या वाक्यातून तू स्वतःला वगळत होतीस आणि या बाईनं कुणी न विचारता स्वतःला तिच्या वाक्यात जागेवर ठेवलं होतं. मीच करते, म्हणून तर इथं येते. तुलाही म्हणता आलं असतं. एवढी साधी गोष्ट. आपण तिघं दर रविवारी स्कूटरवर बसून गेलो असतो.

आता गेल्या शनिवारचं. हायवेवर एक नवीन हॉटेल निघालंय, दारात रंगवलेली बैलगाडी, आत पितळी ताटं. मी थाळी सांगितली. बाजरीची भाकरी, वांगं, झुणका, मटणाचा तांबडा रस्सा, सगळं आप्पांना आवडणारं. ताट आलं. आप्पा ताठ बसले. एक घास, दुसरा घास, पाणी. मी मनातल्या मनात मोजत होते आणि मोजतेय हे त्यांना कळत होतं. मग ताट चार बोटं पुढं सरकलं.

'चांगलं हाय. पर ह्ये घरी होतंय.'

'कोण करतंय?' मी म्हटलं.

'आं?'

'घरी कोण करतंय, आप्पा? नाव सांगा. घरात तुम्ही एकटे असता. तुम्हाला उभं राहवत नाही, मला येत नाही, डबा तुम्ही कुत्र्याला घालता. मग होतंय कसं ते? कोण करतंय?'

माझा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरची बाई लेकराला भरवता भरवता थांबली. आप्पांनी कागदी रुमालाची घडी घातली, कडेला कड जुळवून, फौजेत चादरीची घालायचे तशी. ती ताटाशेजारी ठेवली.

'व्हत हुतं,' ते म्हणाले.

काळ बदलला, कर्ता तरीही नाही. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो त्यांच्यावर नव्हता. तू त्यांना हे वाक्य शिकवलंस आणि ते निस्तरायला थांबली नाहीस. अठरा वर्षं त्यांनी कुठल्या कुठल्या छावणीच्या लंगरमध्ये मिळेल ते खाल्लं, पातळ डाळ, करपलेली रोटी, कधी कुरकुर केली नाही असं ते स्वतः सांगतात. त्या माणसाला तू घरी आल्यावर असं काय घातलंस की त्यानं बाहेरच्या अन्नाशी संबंधच तोडावा? हात धुऊन आम्ही निघालो. माझंही ताट तसंच राहिलं होतं.

कराडात शिरताना नाक्यावर भज्यांच्या गाड्याचा वास आला आणि मला एकदम जाणवलं की मी उपाशी आहे. गाडी बाजूला घेतली. आप्पांना विचारलं नाही. रागात होते, सांगितलं ना. एक प्लेट कांदाभजी घेतली आणि गाडीला टेकून, कागद बॉनेटवर ठेवून खायला लागले. दार उघडल्याचा आवाज आला. आप्पा एक पाय ओढत आले, माझ्या शेजारी टेकून उभे राहिले, रस्त्याकडं बघत. मग त्यांनी एक भजं उचललं. मग दुसरं. तिसऱ्याबरोबर मिरची.

'तुम्हाला जेवायचं नव्हतं ना?'

'जेवायचं न्हाईच. पर खायचं न्हाई आसं कवा म्हणालो मी?'

मी त्यांच्याकडं बघितलं. ते चेष्टा करत नव्हते.

'फरक काय त्यात?'

'आगं, जेवाय बसलं की ताट येतं,' ते म्हणाले. 'ताट आलं की मग ती...' आणि ते गाडेवाल्याकडं वळून म्हणाले, 'आणि एक घाणा काड रं गड्या, गरम. ह्ये तर पोरीनंच संपवलं.'

ते खोटं होतं. त्यांनी संपवलं होतं.

म्हणजे इतके महिने मी त्यांना जेवायला नेत होते आणि ते जेवायला येऊ शकत नव्हते. जेवण तुझं होतं. खाणं कुणाचंच नव्हतं. सांगलीच्या त्या हॉटेलात तू जे म्हणाली होतीस तो हट्ट नव्हता, तो तुमच्या घरातला नियम होता, आणि त्याच घरात लहानाची मोठी होऊनही तो मला ठाऊक नव्हता. मला मोजमापं शिकवलीत, शिस्त शिकवलीत, परक्यापुढं कमी बोलायला शिकवलंत. हे कुणी सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळी मी आखणी केली. एका ठिकाणी एकच वस्तू, बसायचं नाही, ताट नाही. बाजारापासून सुरुवात आणि उताराच्या दिशेनं नदीकडं, म्हणजे गुडघ्याला त्रास नको. आप्पांना सांगितलं, फिरून येऊ, वाटेत काही खाऊ. खाऊ असंच म्हटलं, शब्द तपासून. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले.

पहिल्यांदा मिसळ, पावाशिवाय, नुसती वाटी, दोघांत एक. ते म्हणाले, 'रस्सा लय पातळ,' आणि वाटी तोंडाला लावली. मग ऑम्लेटची गाडी. गाडीवाला आप्पांना ओळखत होता.

'या मेजर! आज इकडं कुठं वाट चुकला?' आपल्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, हवालदार म्हणून निवृत्त झाला तरी.

'इन्स्पेक्शन हाय,' आप्पा म्हणाले. 'लेक इंजिनेर हाय. तुझी गाडी तपासाय आणलीया.'

'आवं ताई, तपासा की. पर मेजरना आधी अंडी संपवू द्या.'

त्यांनी ऑम्लेट संपवलं. मी मनात बेरीज करत होते: फरसाणातलं डाळीचं पीठ, मटकी, दोन अंडी. पुढं रसवंती लागली. मी एक पेला घेतला. ते म्हणाले, 'बानं जलमभर ऊस कारखान्याला घातला, आता रस इकत पिऊ व्हय?' आणि माझ्या हातातला अर्धा पेला घेऊन पिऊन टाकला. त्यांच्या मिशीला फेस लागला होता. मी सांगितलं नाही. फौजेत अंबाल्याला असताना स्टेशनबाहेर ते आणि त्यांचे दोघं सोबती सुट्टीच्या दिवशी असंच हिंडत, एकाकडं टिक्की, एकाकडं जलेबी, हे मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. 'तुमी कधी सांगितलं नाहीत,' मी म्हटलं. माझ्या तोंडून गावाकडचं 'तुमी' आलं, ते ऐकायला कसं वाटतं हे मी विसरले होते.

'घरी काय सांगायचं त्यात,' ते म्हणाले.

शेवटी उकडलेल्या शेंगा घेऊन संगमावर घाटाच्या पायऱ्यांवर टेकलो. दोन्ही नद्यांचं पाणी समोरासमोर येऊन वळतं तिथं लोक फोटो काढत होते. आप्पा शेंग फोडायचे, टरफल पायापाशी नीट ढीग करून ठेवायचे, दाणे तोंडात टाकायचे. बराच वेळ ते त्यांचं काम चालू होतं.

मी तुझ्यावर अन्याय करतेय का, याचा मी तिथं बसून विचार केला. कारणं मला दिसतात. नवरा वर्षातून दोनदा रजेवर येणार, त्याला तुझ्या हातचं जेवण हीच काय ती ओढ. पुढं मी शिकले, माझ्या बोलण्यातलं निम्मं तुला कळेनासं झालं, मग तुझ्याकडं एकच जागा राहिली जिथं तुझ्यावर कुणी वरचढ नव्हतं. त्या जागेवर हायवेचा ढाबा आणि सांगलीचं एसी हॉटेल मीच आणून उभं केलं. हे सगळं मला समजतं. समजल्यानं राग जातो असं म्हणतात, माझा गेला नाही. कारण तुझी ती जागा राखण्यासाठी आपण तिघांनी किती गोष्टी खाल्ल्या नाहीत, किती गावं बघितली नाहीत, आणि आप्पांनी किती गोष्टी सांगितल्या नाहीत, याचा अंदाज मला परवा आला.

'तिला आणाय पायजे हुतं,' आप्पा एकदम म्हणाले.

'आली नसती.'

'आली असती. डबा घेऊन.' ते हसले, खांदे हलवून, आवाज न करता. मग त्यांनी थोडा विचार केला. 'पर मग येवढं खाऊ दिलं नसतं.'

'नाही,' मी म्हटलं.

'न्हाई,' तेही म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. माप सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि पिशवीत हात घालून आणखी शेंगा काढल्या.

फार काही सुधारलंय असं समजू नकोस. सोमवारचा अर्धा डबा कुत्र्यालाच गेला. आज मी फोनवर 'जेवलात का' असं विचारलं नाही, 'काय खाल्लं' असं विचारलं, तर म्हणाले, ऑम्लेट, आणि येताना केळी. डॉक्टरांना हे चालेल की नाही ते विचारून घेणार आहे. त्यांना कुठल्या गाड्यावर किती वेळ उभं राहवेल, पावसाळ्यात काय करायचं, याची उत्तरं अजून माझ्याकडं नाहीत, आणि तुझ्याकडं ती असतील अशी माझी अपेक्षा नाही.

हे मी कुणाला वाचायला देणार नाही, आप्पांना तर नाहीच. तुला पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. तुला आणायला पाहिजे होतं असं ते म्हणाले तेव्हा मी त्यांच्या हातांकडं बघत होते, त्यातल्या शेंगा संपत आल्या होत्या, आणि तू आमच्याबरोबर नव्हतीस याचं मला बरं वाटत होतं.